वाचन मोजणारं ॲप आणि अहिराणी बोलणारा तिसरीचा वर्ग

आधीच सांगतो, गाव, शाळा, ॲप, कंपनी यातलं काहीच नावानिशी येणार नाही. शिक्षक अजून नोकरीत आहेत, मुलं लहान आहेत, आणि ओळख पटेल असे काही तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत. घटनांचा क्रम मात्र आहे तसाच ठेवलाय, कारण कुणी कुठल्या टप्प्यावर काय ठरवलं हेच यात बघण्यासारखं आहे. मी तेव्हा तालुक्याच्या गटसाधन केंद्रात साधनव्यक्ती, म्हणजे शाळांना शिकवण्याच्या कामात मदत करणारा माणूस होतो, त्यामुळे यातलं बरंचसं समोर घडलेलं आणि बाकीचं शिक्षकांकडून ऐकलेलं.

पार्श्वभूमी

खानदेशातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, तीन शिक्षक. मुख्याध्यापक शेजारच्याच गावचे, घरी अहिराणीच. तिसरीला मॅडम, आंतरजिल्हा बदलीने नगरकडून आलेल्या, अहिराणी सगळी समजते पण बोलायला अजून बिचकतात. वर्गात विसेक पोरं. बहुतेक अहिराणी घरातली, आणि पाच-सहा भिल्ल वस्तीवरची, ज्यांचे आईबाप दिवाळी झाली की गुजरातला ऊसतोडीला निघतात ते आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे परत येतात.

जुलै २०२१ मध्ये निपुण भारत हे पायाभूत वाचन-गणिताचं सरकारी अभियान सुरू झालं तेव्हापासून तिसरीपर्यंतच्या वाचनाकडे सगळ्यांचं लक्ष आहे. लक्ष्य असं की दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्याने किमान ६० शब्द वाचावेत, आणि तेही अर्थ समजून. २०२६-२७ पर्यंत हे सगळीकडे व्हायला हवं. आता हे मोजायचं कसं? शिक्षकांना यातली जुनी सवय आहे, 'असर' या प्रथम संस्थेच्या घरोघरच्या वाचन-सर्वेक्षणामुळे २००५ पासून प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पातळ्या सगळ्यांना पाठ आहेत, मुलाला शेजारी बसवायचं, कागद पुढे ठेवायचा आणि ऐकायचं. पण त्याला वेळ लागतो आणि खरं बोलायचं तर शिक्षकांनी वर पाठवलेले आकडे नेहमी जरा फुगलेले असतात. नव्वद टक्के मुलं गोष्ट पातळीवर असं लिहून आलेल्या शाळेत गेलं की चौथीतलं पोरगं जोडाक्षरावर अडलेलं दिसतं, हे या खात्यात काम केलेल्या कुणालाही माहितीये.

म्हणून २०२४ च्या पावसाळ्यात एका सीएसआर प्रकल्पातून (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून) वाचन मोजणारं एआय ॲप आलं तेव्हा त्याला लगेच विरोध कुणी केला नाही. कल्पना वाईट नव्हतीच. शाळेला दोन टॅब मिळाले, ऑनलाईन प्रशिक्षण झालं, त्यात एक वाक्य सारखं यायचं की यात शिक्षकाचा पक्षपात नाही, मशीन सगळ्यांना सारखंच मोजतं.

ॲपचं काम असं. पडद्यावर उतारा येतो, मूल एक मिनिट मोठ्याने वाचतं, टॅब आवाज रेकॉर्ड करून वर पाठवतो, तिकडे आवाजाचं अक्षरांत रूपांतर होतं, मग ते मूळ उताऱ्याशी शब्दाला शब्द जुळवून बघतात आणि जुळलेले शब्द मोजतात. तेवढ्यावरून मूल हिरवं, पिवळं किंवा लाल. लाल मुलांना रोज जादा तास, आणि पालकांना मोबाईलवर मेसेज. समजलं का हे विचारणारे प्रश्न होते पण ते ऐच्छिक, आणि डॅशबोर्डवर, म्हणजे वरचे अधिकारी आकडे बघतात त्या पानावर, त्यांचा रकानाच नव्हता. म्हणजे निपुणच्या लक्ष्यातला अर्धा भाग पहिल्याच दिवशी गळाला, आणि प्रशिक्षणात त्यावर कुणी हात वर केल्याचं मला आठवत नाही.

अडचण

ऑगस्टमध्ये पहिली मोजणी झाली आणि तिसरीचा निम्म्याहून जास्त वर्ग लाल. मॅडमना धक्का बसला कारण त्यांच्या अंदाजाने वर्गात खरोखर न वाचणारी पोरं चार-पाच होती, दहा-बारा नाही. त्यातल्या एका मुलीचं, तिला इथे सोनी म्हणू, लाल येणं तर अजिबातच पटेना. ही पोरगी शाळेत आलेला 'किशोर' मासिकाचा अंक आधी घरी नेते, मग बाकीच्यांना मिळतो.

मॅडमनी तिला पुन्हा वाचायला बसवलं आणि या वेळी टॅबकडे न बघता नुसतं ऐकलं. उताऱ्याची सुरुवात साधारण अशी होती: शाळेजवळ एक मोठे तळे होते. तळ्यात कमळे होती. सकाळी बगळे येत. सोनीने वाचलं ते असं: शायेजवय एक मोठे तये होते. तयात कमये होती. सकायी बगये येत. कुठेही न अडखळता, पूर्णविरामाला थांबून, बगळे बघून आनंद झाल्यासारखी.

अकरा शब्द, त्यातल्या सहांमध्ये ळ. खानदेशात ळ चा य होतो हे मी नव्याने सांगायची गरज नाही, धुळ्याला इथला माणूस धुयं म्हणतो, जळगावला जयगाव. ज्या बहिणाबाईंच्या नावाने जळगावचं विद्यापीठ आहे त्यांच्या कवितेतलं मनसुद्धा 'वढाय' आहे, वढाळ नाही. ॲपच्या हिशोबात मात्र सोनीचे अकरातले पाच शब्द बरोबर. उताऱ्याचा पुढचा भाग जरा बरा होता, तिथे ळ कमी होते, पण सुरुवातीचा खड्डा काही भरून निघाला नाही.

वर गंमत अशी की दुसऱ्यांदा वाचल्यावर तिचा आकडा बदलला. तीच मुलगी, तोच उतारा, तसंच वाचन. 'सकायी' कधी ॲपला 'सकाळी' ऐकू आलं, कधी नाही. याचं कारण असं की ही यंत्रणा फक्त आवाज ऐकत नाही, आधीच्या-नंतरच्या शब्दांवरून कुठला शब्द असायला हवा याचा अंदाजही बांधते. अंदाज बरोबर आला तर बोलीतला उच्चार माफ होतो, नाही आला तर चूक. मुलाच्या हातात त्यातलं काहीच नसतं.

उलट्या बाजूनेही घोळ होता. उतारे मोजकेच, आणि पोरं व्हरांड्यात रांगेत बसून आतल्याचं ऐकायची. रांगेतल्या शेवटच्या तिघांना उतारा जवळजवळ तोंडपाठ झालेला. त्यातला एक मुलगा मॅडमच्या मते शब्द पातळीच्याही खाली, तो टॅबकडे बघत धाडधाड म्हणून मोकळा झाला आणि हिरवा आला. मॅडमनी त्याला बोट ठेवून 'कमळे' दाखव म्हटलं तर तो 'बगळे' दाखवत होता. आणि पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की त्या अर्ध्या तासात वाचलेली सगळीच पोरं लाल.

पण या सगळ्यात नुकसानीची बाजू वेगळीच होती, ती आम्हाला उशिरा दिसली. भिल्ल वस्तीवरची पाच पोरंही लाल यादीत होती आणि त्यांच्याबाबतीत लाल बरोबर होतं. त्यांना खरंच वाचता येत नव्हतं, दोघांची तर अक्षरओळखही कच्ची. पूर्वी मॅडमच्या वहीत ही पाच नावं वेगळी असायची, वर्ग सुरू व्हायच्या आधी त्यांना घेऊन बसायच्या. आता लाल यादीत दहा-बारा जण झाले, जादा तास सगळ्यांचा एकत्र, आणि त्या तासात किशोर वाचणारी सोनी आणि क-ख ओळखू न येणारा पोरगा एकाच कार्डावरचे शब्द वाचताहेत. ज्यांना वेळ द्यायला हवा होता त्यांच्या वाटणीचा वेळ ज्यांना गरज नव्हती त्यांच्यात वाटला गेला. चुकीच्या लालने खरं लाल झाकलं.

पर्याय काय होते

सोनीचे वडील मेसेज बघून शाळेत आले, मोबाईल पुढे धरून म्हणाले, "गुरजी, मनी पोर ते घरमा चांगली वाचस, मंग हाई लाल कसाले?" मुख्याध्यापकांकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिघे शिक्षक बसले, मीही होतो.

पहिला पर्याय सगळ्यात सरळ वाटणारा, मुलांचे उच्चार सुधारायचे. ळ चा सराव घ्यायचा. प्रमाण मराठी पुढे लागणारच आहे, मग आत्ताच केलं तर काय बिघडलं, असं पाचवीच्या सरांचं म्हणणं आणि ते अगदी टाकाऊ नव्हतं.

दुसरा पर्याय कुणी मोठ्याने बोललं नाही पण सगळ्यांना माहिती होता. शेजारच्या एका शाळेचा तिसरीचा वर्ग पहिल्याच आठवड्यात पूर्ण हिरवा झाला होता. तिथे सगळ्या मुलांच्या नावावर दोन चांगलं वाचणाऱ्या पोरींनी वाचलं होतं. ॲपला काय, आवाज कुणाचा हे ते बघत नव्हतं. आणि रोज संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळांची यादी पडायची, खालच्या तीन शाळा लाल रंगात, त्यात आमची. अशा वेळी माणूस काय विचार करतो ते नोकरीत असणाऱ्याला सांगायला नको.

तिसरा, ॲपमध्ये जे येईल ते येऊ द्यायचं आणि आपलं खरं रजिस्टर वेगळं ठेवायचं. म्हणजे दोन हिशोब. कामाला हाच पर्याय बरा, पण मग जादा तास कुठल्या यादीप्रमाणे घ्यायचा? तपासणीला येणारा माणूस टॅबवरची यादीच बघणार.

चौथा, लेखी तक्रार करायची, पुराव्यासकट. याला मेहनत लागते आणि तक्रार करणारी शाळा आधीच लाल असली की नाचता येईना अंगण वाकडं असंच म्हणतात. मुख्याध्यापकांना निवृत्तीला फार वर्षं उरलेली नव्हती, त्यांना भानगड नको होती, त्यांनी तसं स्पष्टच सांगितलं.

काय केलं

आधी पहिला पर्याय घेतला गेला. मुख्याध्यापकांचा निर्णय, मॅडमनी मनाविरुद्ध मान्य केला. सप्टेंबरभर परिपाठानंतर दहा मिनिटं ळ. फळ्यावर काळा, गोळा, फळ, बाळ, पोरं एका सुरात म्हणताहेत.

दोन आठवड्यांत मुलांनी नियम शोधून काढला. नियम असा की शाळेत य म्हणायचा नाही, ळ म्हणायचा. आणि मग गाय गेली आणि गाळ आली. पायाला पाळ, चहाला चाळ. एका पोराने मॅडमना सांगितलं, "मॅडम, आमच्या गाळीला वासरू झालं," आणि सगळा वर्ग गप्प, कारण कुणालाच खात्री नव्हती की हे बरोबर की चूक. मॅडम म्हणाल्या की हसायला आलं आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला. मूल आधी अर्थ डोक्यात ठेवून वाचत होतं, आता प्रत्येक य पाशी थांबून विचार करतंय. वेग कमी झाला. पुढच्या मोजणीत सोनीचा आकडा पहिल्यापेक्षाही खाली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रकट वाचनाला हात वर करणारी ही पोरगी हात वर करेनाशी झाली.

इथे मॅडमनी ठरवलं की सराव बंद. मुख्याध्यापकांना न विचारता बंद केला, मग सांगितलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो कुठल्याही बैठकीत झाला नाही.

त्यानंतर त्या चौथ्या पर्यायाकडे आल्या पण जरा शहाणपणाने. तक्रारीचं पत्र न लिहिता आधी मोजणी केली. मॅडम आणि पाचवीचे सर, दोघांनी एकेका मुलाला शेजारी बसवून ऐकलं, प्रत्येकाच्या हातात उताऱ्याचा छापील कागद. शब्द चुकला तर खूण, बोलीतला उच्चार असेल तर वेगळी खूण, गाळला तर गोल. मिनिट संपलं की उताऱ्यावर चार प्रश्न, उत्तर अहिराणीत दिलं तरी चालेल. दोघांनी आपापले कागद एकमेकांना न दाखवता भरले आणि नंतर जुळवले, म्हणजे पक्षपाताचा जो आरोप ॲपवाले करायचे त्यालाही उत्तर. मग एकाच पानावर तीन रकाने केले: ॲपचा आकडा, शिक्षकांचा आकडा, आणि किती प्रश्नांची उत्तरं बरोबर.

पान बघितल्यावर वाद घालायला फारसं उरत नव्हतं. लाल यादीतले निम्मे जण शिक्षकांच्या हिशोबात आरामात साठीच्या पुढे, प्रश्नांची उत्तरंही बरोबर. पाठांतरवाला हिरवा मुलगा चारातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देऊ शकला नाही. आणि वस्तीवरची पाच नावं दोन्हीकडे तळाला.

ऑक्टोबरच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत मॅडमनी ते पान वाचून दाखवलं. आधी शांतता, मग एकेक शाळा बोलायला लागली. कुणी म्हणालं आमच्याकडेही तेच, कुणी म्हणालं आम्ही म्हणूनच (हे 'म्हणूनच' अर्धवट राहिलं आणि सगळ्यांना कळलं). केंद्रप्रमुख म्हणाले, मॅडम, मशीन तर सगळ्यांना सारखंच मोजतंय ना. त्यावर पाचवीच्या सरांनी जे उत्तर दिलं ते मला आवडलं: सर, सारखंच मोजतंय, पण पुण्याच्या मापाने मोजतंय.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ॲमेझॉन, ॲपल, गुगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाचही कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या, तर गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभरात सरासरी १९ शब्द चुकीचे ऐकले जात होते आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. इंग्रजी तीच, देश तोच. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांची सगळ्यात जास्त माहिती असलेल्या भाषेत ही स्थिती. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत अहिराणी धरून खानदेशी गटातली मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांहून जास्त लोक आहेत आणि त्यांच्या लहान मुलांचा आवाज कुठल्या यंत्राने किती ऐकलाय देव जाणे. त्यात लहान मुलांचा आवाज मुळातच यंत्रांना अवघड, स्वर उंच, उच्चार अजून बसलेले नसतात, मध्येच श्वास घेतात. म्हणजे बोली आणि वय, दोन्हीकडून मार.

गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पान ठेवून घेतलं आणि कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो तरुण पोरगा होता, प्रामाणिक होता, त्याने मान्य केलं की अहिराणी बोलणाऱ्या मुलांवर वेगळी चाचणी झालेली नाही. उपायही त्याच्याकडे तयार होता: तुमच्या शाळांतून आणखी रेकॉर्डिंग द्या, आम्ही मशीनला शिकवतो.

आता यावर काय करायचं हा दुसरा मोठा प्रश्न. तोपर्यंत आवाजाच्या संमतीचा विषय कुणी काढलाच नव्हता. टॅब सुरू करताना मुख्याध्यापकांनी एका चौकटीत टिक केली होती, तीच सगळ्या मुलांची संमती. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळून बघता येईल अशी संमती मागतो, पण त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे, त्यामुळे हे सगळं घडलं तेव्हा कायदा होता आणि अंमल नव्हता. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवला. सोनीचे वडील समितीत नव्हते पण आले होते. त्यांनी आणि एका आजीबाईंनी मिळून तीन गोष्टी विचारल्या: आवाज कुठे ठेवता, किती वर्षं ठेवता, आणि त्यातून पैसे झाले तर ते कुणाचे. कंपनीच्या माणसाने पहिल्याचं उत्तर गोल दिलं, दुसऱ्याचं बघून सांगतो म्हणाला, तिसऱ्यावर हसला. समितीने ठराव केला की लेखी उत्तर येईपर्यंत नवीन रेकॉर्डिंग नाही.

परिणाम

थोडं हाती लागलं, बरंचसं निसटलं. केंद्रापुरतं असं ठरलं की ॲपच्या यादीशेजारी 'शिक्षक नोंद' असा रकाना ठेवायचा आणि जादा तास त्या रकान्याप्रमाणे घ्यायचा. तो रकाना एका एक्सेल फाईलमध्ये होता, ॲपमध्ये नाही. डॅशबोर्डवर शाळा लालच राहिली आणि जिल्ह्याच्या आढाव्यात आकडे डॅशबोर्डचेच गेले. ग्रुपवरची रोजची यादी मात्र बंद झाली, त्याचं श्रेय केंद्रप्रमुखांना द्यायला हवं, त्यांनी ती आपल्या जबाबदारीवर थांबवली.

सोनी जानेवारीच्या सुमारास परत हात वर करायला लागली. गाळीची गाय व्हायला जरा जास्त वेळ लागला.

वस्तीवरच्या पाच पोरांचं तसं झालं नाही. ऑगस्ट आणि सप्टेंबर चुकीच्या गटात गेले, ऑक्टोबर पानं आणि परिषदा यात गेला, नवीन रकाना तयार होऊन त्यांचा वेगळा तास सुरू होईपर्यंत दिवाळीची सुट्टी लागली आणि पाचातली चार पोरं आईबापांबरोबर फडावर गेली. आजी-आजोबांकडे ठेवता येईल का म्हणून मॅडम दोन घरी जाऊन आल्या, एकच तयार झालं. वर्षातले वाचन शिकवता येण्यासारखे त्या मुलांचे जेमतेम साडेचार महिने होते, अर्धा जून ते ऑक्टोबर, आणि त्यातले निम्म्याहून जास्त या घोळात गेले. ॲपमुळे किती नुकसान झालं असं कुणी विचारलं तर मी सोनीचं नाव घेत नाही, या चौघांचं घेतो, आणि त्यांचं नुकसान कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाही कारण तिथे ते आधीही लाल होते आणि नंतरही लालच.

कंपनीचं लेखी उत्तर आलं नाही. पुढच्या जूनमध्ये सीएसआरचा निधी संपला, प्रकल्प दुसऱ्या जिल्ह्यात गेला, टॅब कपाटात आहेत. आधी घेतलेल्या रेकॉर्डिंगचं काय झालं याचं उत्तर आजतागायत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, लक्ष्य लावायच्या आधी ऐकायला हवं होतं. केंद्रातल्या प्रत्येक बोलीतली थोडी मुलं घ्यायची, शिक्षकाच्या कानाचा हिशोब आणि ॲपचा हिशोब शेजारी ठेवायचा. मॅडमनी जे ऑक्टोबरमध्ये केलं ते जुलैत, प्रशिक्षणाच्या आठवड्यातच झालं असतं तर दोन दुपारचं काम होतं. एनसीईआरटीने २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास केला तो एकेका मुलाला समोर बसवून, वीस भाषांमध्ये, आणि प्रत्येक भाषेचे वाचनवेगाचे टप्पे वेगळे काढले, म्हणजे भाषा बदलली की माप बदलतं हे सरकारी पातळीवर मान्यच आहे. तेच तत्त्व बोलीपर्यंत न्यायचं एवढंच होतं.

ॲप आवाज ऐकतं पण हरकत ऐकत नाही, ही रचनेतली खोट. 'हे चुकलंय' असं नोंदवायला एक बटण असतं आणि ते दाबल्यावर मुलाचा रंग शिक्षकाच्या नोंदीपर्यंत थांबून राहिला असता तर मॅडमना परिषदेत उभं राहायची वेळच आली नसती. प्रश्नांचा रकाना डॅशबोर्डवर असता तर पाठांतरवाला पोरगाही पहिल्याच दिवशी सापडला असता. या दोन गोष्टी करारात लिहून घेणं सोपं होतं. पण करार कुणी केला, त्यात काय होतं, हे शाळेपर्यंत कधी आलंच नाही, आणि फुकट मिळालेल्या वस्तूचे दात कोण मोजतो.

पालकांना रंग पाठवणं तर पूर्णपणे टाळता आलं असतं. एका मिनिटाच्या रेकॉर्डिंगवर आईबापाला लाल कळवायचं आणि चुकलं तर दुरुस्तीचा मेसेज नाही, हे कुठल्याच शिक्षकाने स्वतःच्या हाताने केलं नसतं. वस्तीवरच्या घरांना तर मेसेज गेलेच नाहीत, नोंदवलेले नंबर बंद होते.

ळ च्या सरावाबद्दल मुख्याध्यापकांना फार दोष द्यावासा वाटत नाही. लाल यादीतल्या शाळेच्या प्रमुखाने त्या महिन्यात दुसरं काय केलं असतं? फरक पडला असता तो एवढाच की ळ लिहिण्यात शिकवता आला असता, श्रुतलेखनात, आणि वाचताना बोली तशीच राहू दिली असती. नवीन शैक्षणिक धोरण पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतंच आहे, मग घरच्या उच्चाराने वाचायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

एका गोष्टीवर मात्र मुख्याध्यापकांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात रेकॉर्डिंग दिलं नाही तेच बरं झालं, आमच्या पोरांचा आवाज घेऊन मशीन सुधारायचं आणि उद्या तेच मशीन आम्हाला विकायचं, हा धंदा झाला. मला ते पटतं, पण अहिराणी पोरांचे आवाज कुणालाच दिले नाहीत तर पुढचं ॲपही सोनीला लालच म्हणणार, आणि पुढचं ॲप येणार हे नक्की. सरकारने भाषिणीसारख्या (भारतीय भाषा यंत्राला समजाव्यात म्हणून चाललेल्या) सार्वजनिक प्रकल्पातून, पालकांना विचारून, बोलींचे आवाज गोळा करावेत आणि वापर कुणी कशासाठी केला ते उघड ठेवावं असं मी म्हणतो. मुख्याध्यापक म्हणतात, सरकार म्हणजे तरी कोण, टिक करायला शेवटी मलाच सांगणार ना. या जूनमध्ये आणखी एका वाचन-ॲपच्या प्रशिक्षणाची लिंक आली तेव्हा त्यांनी परत एकच ओळ लिहून पाठवली: अहिराणी बोलणाऱ्या किती मुलांवर तपासलंय ते कळवावे, मग वेळ ठरवू.